बिशप सॅम्युअल अजायी क्राउथर : जीवन परिचय



सॅम्युअल अजायी क्राउथर यांचा जन्म सुमारे १८०९ मध्ये आजच्या नायजेरियातील ओसोगुन गावी झाला. १८२१ मध्ये गावावर हल्ला झाला आणि हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. पुढच्या वर्षी ब्रिटिश नौदलाने पोर्तुगीज जहाज अडवून त्याला सोडवलं व फ्रीटाऊनला नेलं. तिथे शाळा मिळाली. १८४६ मध्ये, म्हणजे तब्बल २५ वर्षांनी, अबेओकुटा येथे आई भेटली बघा!

मला स्वतःला त्यांचं भाषेचं काम जास्त भावतं. आपल्या योरूबा भाषेचा शब्दसंग्रह आणि व्याकरण त्यांनी लिहिलं, त्यांच्याच पुढाकाराने बायबल योरूबात आलं. इग्बो ही काही त्यांची मातृभाषा नव्हे, तरी १८५७ मध्ये तिचं अंकलिपीसारखं पुस्तक काढलं.

१८६४ मध्ये ते पहिले आफ्रिकन अँग्लिकन बिशप झाले. बिशपच्या हाताखालचा भाग म्हणजे डायोसीस, अनेक डायोसीस मिळून प्रांत, आपल्या केंद्र-बीटसारखंच. पण अबेओकुटाचे गोरे मिशनरी त्यांच्या हाताखाली यायला तयार नव्हते. त्यामुळे त्यांचा कारभार मुख्यतः नायजर नदीकाठापुरता राहिला. तिथेही १८९० मध्ये तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्यांच्या सहकाऱ्यांना काढून कारभार हातात घेतला. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा हा सरळ अपमानच होता. ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोस येथे त्यांचं निधन झालं, आणि त्यांच्या जागी इंग्रज बिशप नेमला गेला.

पश्चिम आफ्रिकेचा स्वतंत्र प्रांत व्हायला १९५१ साल उजाडलं, नायजेरियाचा १९७९ मध्ये झाला.