गोळीनंतरचा ‘काया’

३ डिसेंबर १९७६. जमैकाची राजधानी किंग्स्टन. बॉब मार्लेच्या घरात बंदूकधारी घुसले. छातीला आणि हाताला गोळीने जखम झाली. बायको रिटा आणि मॅनेजर गंभीर जखमी. देशात निवडणुकीचं वातावरण, दोन पक्षांत रोजचा गोळीबार. तरी दोनच दिवसांनी हा पठ्ठ्या हजारो लोकांसमोर गायला. मग देश सोडून पुढे लंडन गाठलं.

तिथल्या रेकॉर्डिंगमधून आधी ‘एक्सोडस’ आला आणि १९७८ मध्ये ‘काया’. संथ रेगे ठेका. ऊन, पाऊस आणि प्रेमाची गाणी. एकदम चिल! ट्रेंचटाउनच्या गरीब वस्तीत वाढलेला हा बंडखोर आता मवाळ झाला, असं समीक्षकांनी ठरवूनही टाकलं.

पण त्याच एप्रिलमध्ये तो किंग्स्टनला परतला आणि भर कार्यक्रमात मायकेल मॅन्ली आणि एडवर्ड सिआगा या कट्टर विरोधकांचे हात त्याने एकमेकांच्या हातात दिले. हिंसा थांबली नाही. १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी कॅन्सरने तो गेला.

‘काया’ जरूर ऐका. फक्त एवढं लक्षात असू द्या, हा निवांतपणा गोळी झेललेल्या माणसाचा आहे.