विश्लेषण : घासल्याने वीज ‘तयार’ होते का? बेंजामिन फ्रँकलिन यांनी हे कोडे कसे सोडवले?

कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. नुसत्या घासण्याने वस्तूत वीज येते कुठून? पावणेतीनशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचा छडा लावणाऱ्यांत बेंजामिन फ्रँकलिन आघाडीवर होते. जग त्यांना पतंगाच्या प्रयोगासाठी ओळखते. पण त्यांचे मूळ काम त्याआधीचे आहे.

छापखान्यातून विजेकडे…

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टनमध्ये झाला. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवत. १७ भावंडांत बेंजामिन १५ वे. शाळा दहाव्या वर्षीच सुटली. बाराव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागले. त्याच्याशी पटेना म्हणून १७ व्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला आले आणि पुढे स्वतःचा छापखाना उभारला. लंडनचे व्यापारी पीटर कॉलिन्सन यांनी तेथील ग्रंथालयाला विजेच्या प्रयोगांसाठी काचेची नळी पाठवली, तेव्हा फ्रँकलिन चाळिशीत होते. या छंदाने त्यांना असे झपाटले, की १७४८ मध्ये त्यांनी छपाईच्या रोजच्या कामातून निवृत्ती घेतली.

मेणावर उभ्या दोघांचा प्रयोग काय होता?

तेव्हा विजेचे दोन वेगळे प्रकार मानले जात : एक काचेची, दुसरी राळेची. फ्रँकलिन यांनी दोघांना मेणावर उभे केले, म्हणजे वीज जमिनीत उतरणार नाही. एकाने नळी घासली, दुसऱ्याने तिला बोट लावून वीज घेतली. जमिनीवर उभ्या तिसऱ्याने स्पर्श करताच दोघांकडूनही ठिणगी उडाली. त्या दोघांनीच एकमेकांना स्पर्श केला, तर ठिणगी आणखी मोठी. आणि त्यानंतर दोघांकडेही वीज उरली नाही.

यातून १७४७ मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला : घासल्याने वीज निर्माण होत नाही, ती फक्त जागा बदलते. एकाकडे जेवढी वाढते, तेवढीच दुसऱ्याकडे घटते. जमाखर्चासारख्या या हिशेबाला त्यांनी ‘धन’ आणि ‘ऋण’ ही नावे दिली. विद्युतप्रभाराच्या अक्षय्यतेच्या नियमाचे मूळ इथे आहे.

जिवावरचे खेळ…

डिसेंबर १७५० मध्ये वीज साठवलेल्या दोन मोठ्या बरण्यांच्या झटक्याने टर्की पक्षी मारण्याच्या प्रयत्नात तो झटका फ्रँकलिन यांनाच बसला आणि त्यांची शुद्ध हरपली. जून १७५२ मध्ये त्यांनी वादळी ढगाखाली पतंग उडवला. चित्रांत दाखवतात तशी वीज पतंगावर कोसळली नव्हती; तसे झाले असते तर ते वाचलेच नसते. ढगातील प्रभार ओल्या दोरीतून किल्लीपर्यंत आला आणि आकाशातील वीज व घासून मिळणारी वीज एकच असल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये ढगातील विजेचा अभ्यास करताना शास्त्रज्ञ रिखमान यांचा बळी गेला. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने फ्रँकलिन यांना कॉप्ले पदक दिले. इमारतींचे रक्षण करणाऱ्या तडितरक्षकाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही.

फ्रँकलिन कुठे चुकले?

घासताना वीज काचेत येते, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून काच ‘धन’ ठरली. १७ एप्रिल १७९० रोजी ८४ व्या वर्षी ते निवर्तले. त्यानंतर १०७ वर्षांनी, १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि खरी गोष्ट उलगडली. रेशमाने काच घासली, की इलेक्ट्रॉन काचेतून रेशमात जातात. म्हणजे काचेकडे जमा नव्हे, तूट असते. हिशेब बरोबर होता, दिशा उलटी होती. पण नावे रुळली होती, ती तशीच राहिली. त्यामुळे आजही पाठ्यपुस्तकातील आकृतीत विद्युतधारेचा बाण एकीकडे असतो आणि तारेतील इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशेने जात असतात.