डॉ. आंबेडकर आणि अमेरिका

कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या अभ्यासासाठीं इ. स. १८८३ मध्यें अमेरिकेस गेल्या, हें आमच्या ठाणें-कल्याणच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यानंतर तीस वर्षांनीं, १९१३ च्या जुलैंत, त्याच देशीं एक महाराष्ट्रीय तरुण जाऊन पोंचला. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म ता. १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथें झाला. जात अस्पृश्य गणलेली. म्हणून शाळेंत त्यांस इतर मुलांपासून वेगळें बसावें लागे व पाण्यास हात लावण्याची मनाई असे. तरीहि १९१२ सालीं ते मुंबईस बी. ए. झाले. पुढें बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचें द्वार त्यांस उघडलें.

अमेरिकेंत तो काळ सुधारणांचा होता. १९१३ मध्येंच वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले आणि घटनादुरुस्तीनें प्राप्तिकराचा मार्ग मोकळा झाला. या कराचे पुरस्कर्ते प्रो. सेलिग्मन हे भीमरावांचे एक गुरु. दुसरे जॉन ड्यूई. लोकशाही ही केवळ राज्यपद्धति नसून एकत्र नांदण्याची रीत आहे, ही ड्यूईंची शिकवण शिष्यानें आयुष्यभर जपली.

परंतु त्या सुधारणांस एक मोठें गालबोट होतें. विल्सन यांच्याच कारकीर्दींत सरकारी कचेऱ्यांतून कृष्णवर्णीय नोकरांस वेगळें बसविण्यांत आलें. आणि त्याच विल्सननीं १९१८ मध्यें राष्ट्रांच्या न्यायासाठीं चौदा कलमें जगापुढें मांडलीं. परराष्ट्रांस न्याय आणि घरच्या बांधवांस दुरावा, असा हा प्रकार होता.

आपल्या देशांतहि असेंच होईल कीं काय, हीच भीमरावांची चिंता होती. १९१९ च्या जानेवारींत साउथबरो समितीपुढें त्यांनीं अस्पृश्यांसाठीं मताधिकार व स्वतंत्र प्रतिनिधि मागितले. १९२७ मध्यें महाडास चवदार तळ्याचें पाणी प्राशन करून त्यांनीं आपल्या बांधवांचा हक्क बजावला. १९४६ सालीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचें कळतांच त्यांनीं विद्वान् डु बॉइस यांस पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या.

ज्यास शाळेंतील पाण्याचा स्पर्श निषिद्ध होता, तोच पुढें भारतीय घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. ती घटना ता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकृत झाली. ता. ६ डिसेंबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकर निवर्तले.

जगास न्याय शिकविणें सोपें, शेजाऱ्यास जवळ बसविणें कठीण. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा धडा वर्गांतील बाकापासूनच गिरवावा.