वाफेचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ : आंरी व्हिक्तोर रेन्यो



दहावीच्या विज्ञानात उष्णतेचा पाठ आहे. त्यात पाण्याच्या बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा ५४० कॅलरी प्रति ग्रॅम असा आकडा येतो. मुलं तो पाठ करतात, उदाहरणात घालतात आणि मार्क मिळवतात. हा आकडा कोणी मोजला आणि कसा मोजला, हे मात्र आपण वर्गात सहसा सांगत नाही. आपल्यालाही ते कुणी सांगितलेलं नसतं. वाफ म्हटलं की जेम्स वॅट आणि ती किटली, इथेच आपली गोष्ट संपते.

आज ज्यांची ओळख करून देतोय ते वॅट यांच्या नंतरच्या पिढीतले फ्रेंच शास्त्रज्ञ, आंरी व्हिक्तोर रेन्यो. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण त्यांना रेग्नॉल्ट म्हणू, पण फ्रेंच उच्चार रेन्यो असा आहे. पॅरिसच्या आयफेल टॉवरवर ज्या ७२ जणांची नावं कोरली आहेत, त्यात यांचं नाव आहे. तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत ते फारसे भेटत नाहीत. कारण साधं आहे. त्यांच्या नावाचा मोठा नियम नाही, सफरचंदासारखी गोष्ट नाही. त्यांनी आयुष्यभर मोजमाप केलं.

बालपण आणि शिक्षण

रेन्यो यांचा जन्म २१ जुलै १८१० रोजी आखेन या गावी झाला. हे गाव आज जर्मनीत आहे, त्या वेळी ते नेपोलियनच्या फ्रान्समध्ये होतं. वडील सैन्यात अधिकारी. १८१२ मध्ये नेपोलियनने रशियावर स्वारी केली, त्या मोहिमेत ते वारले. पुढे लवकरच आईचंही छत्र हरपलं. घरची गरिबी. पोरका मुलगा पॅरिसला आला आणि कापडाच्या एका मोठ्या दुकानात नोकरीला लागला. दिवसभर काम करायचं आणि मोकळा वेळ मिळेल तेव्हा पुस्तक उघडायचं. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत असंच चाललं. मग १८३० मध्ये एकोल पोलिटेक्निक या फ्रान्समधल्या नावाजलेल्या संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला. तिथली परीक्षा किती अवघड असायची हे लक्षात घेतलं, तर दुकानात उभं राहून केलेल्या त्या अभ्यासाची किंमत कळते.

तिथून ते खाणकामाच्या विद्यालयात गेले आणि रसायनशास्त्रात रमले. काही काळ लियाँ शहरात शिकवलं. १८४० मध्ये पॅरिसला परत येऊन ते एकोल पोलिटेक्निकमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, त्याच वर्षी विज्ञान अकादमीचे सभासदही झाले. वय तीस. पुढच्याच वर्षी कॉलेज द फ्रान्स या संस्थेत भौतिकशास्त्राची जागा मिळाली. इथून त्यांच्या आयुष्याला वळण लागलं.

अडचण काय होती?

तो काळ वाफेच्या इंजिनाचा होता. गिरण्या, खाणी, जहाजं, आगगाड्या, सगळं वाफेवर. पण एक गंमत बघा. इंजिनं धडाधड तयार होत होती, आणि किती कोळशात किती वाफ होते, ती वाफ किती काम करू शकते, याचे पक्के आकडेच नव्हते. कुणाचं कोष्टक एक सांगायचं, कुणाचं दुसरं.

वाद कशावर होता ते थोडक्यात सांगतो, कारण रेन्यो यांचं मोठेपण त्यातच आहे. पाणी उकळायला लागलं की तापमान थांबतं, आपण खालून कितीही जाळ घाला. ती उष्णता अवस्था बदलण्यात खर्च होते. हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी आधीच दाखवलं होतं. पण बंद बॉयलरमध्ये दाब वाढला की पाणी जास्त तापमानाला उकळतं. मग त्या वाफेत उष्णता किती? वॅट यांचं मत असं की एक किलो वाफेतली एकूण उष्णता सगळीकडे सारखीच. दुसरं मत सदर्न नावाच्या इंग्रज अभियंत्यांचं. त्यांच्या मते अप्रकट उष्मा सारखा राहतो आणि एकूण उष्णता वाढत जाते. दोघांच्या मतांना मानणारे लोक होते. निकाल लावायला प्रयोगच हवा होता, आणि तो सोपा नव्हता.

फ्रान्सच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मंत्र्यांनी हे काम रेन्यो यांच्यावर सोपवलं. वाफेच्या इंजिनासाठी लागणारे सगळे आकडे पहिल्यापासून, कुणाचंही ऐकून न घेता, नव्याने मोजायचे.

मोजणीची वर्षं

रेन्यो यांनी सुरुवात कुठून केली असेल? थर्मामीटरपासून! साध्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. दोन थर्मामीटरची काच वेगळी असली तर जास्त तापमानाला त्यांची वाचनं जुळत नाहीत. म्हणून त्यांनी हवेच्या प्रसरणावर चालणारा थर्मामीटर आधार म्हणून घेतला. त्यासाठी हवा तापल्यावर नेमकी किती प्रसरण पावते हे मोजावं लागलं, तेही त्यांनी केलं. एक मोजायचं तर त्याआधी तीन गोष्टी मोजायच्या, असा सगळा मामला. आपल्याकडे प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून निरीक्षणं मागून भरणारी मुलं असतात ना, त्यांना हा भाग आवर्जून सांगा.

दाब मोजायला पाऱ्याचा स्तंभ. एका वातावरणाच्या दाबाला ७६ सेंटीमीटर पारा लागतो हे आपण शिकवतो. मग २० वातावरणं मोजायची तर १५ मीटरपेक्षा उंच नळी हवी, म्हणजे जवळजवळ पाच मजले! कॉलेज द फ्रान्समध्ये रेन्यो यांनी खरोखरच मनोऱ्यावर अशा उंच नळ्या उभ्या केल्या. ठरावीक दाबाखाली पाणी उकळायचं आणि तापमान वाचायचं, मग दाब बदलायचा आणि पुन्हा वाचायचं. गोठणबिंदूच्याही खालून सुरू करून सुमारे २३० अंश सेल्सिअसपर्यंत हे चाललं.

वाफेतली उष्णता मोजायची पद्धत ऐकायला सोपी आहे. बॉयलरमधली वाफ थंड पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडायची. वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता बाहेरच्या पाण्याला मिळते. पाणी किती अंशांनी तापलं आणि किती ग्रॅम वाफ थंड झाली, यावरून हिशेब. यात चूक घुसायला जागा शेकडो. वाफेबरोबर पाण्याचे थेंब आले तर? भांड्याच्या बाजूने उष्णता निसटली तर? रेन्यो यांनी अशा एकेका शंकेसाठी वेगळी मोजणी केली.

१८४७ मध्ये या कामाचा पहिला जाडजूड ग्रंथ आला. शून्य अंशाचं एक किलो पाणी १०० अंशांच्या वाफेत बदलायला त्यांच्या मोजणीने ६३७ किलोकॅलरी लागतात. त्यातल्या १०० पाणी तापवायला, उरलेल्या सुमारे ५३७ अप्रकट. आजचा स्वीकारलेला एकूण आकडा ६३९ च्या आसपास आहे. वीज नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, आणि फरक हजारात तीनचा! १८० अंशांच्या वाफेसाठी त्यांचा एकूण आकडा ६६१, आणि अप्रकट उष्मा घटून ४८० च्या जवळ आला. म्हणजे एकूण उष्णता हळूहळू वाढते आणि अप्रकट उष्मा कमी होत जातो. वॅटही चुकले आणि सदर्नही चुकले.

ते कोष्टक आपण कसं वाचायचं?

आज अभियांत्रिकीच्या मुलांच्या हातात स्टीम टेबल असतं, म्हणजे वाफेची कोष्टकं. मी डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक, त्या पुस्तकांशी आपला तसा संबंध येत नाही. पण त्यातलं मूळ तत्त्व सातवी-आठवीच्या मुलालाही कळतं.

समजा, कुणी सांगितलं की पाणी १०५ अंश सेल्सिअसला आहे. ते पाणी की वाफ? मुलं लगेच वाफ म्हणतील, कारण १०० च्या वर गेलं. थांबा. आधी दाब विचारायचा. कोष्टकात प्रत्येक दाबासमोर त्याचा उत्कलनांक दिलेला असतो. दाब एक वातावरण असेल तर उत्कलनांक १००, आपलं तापमान त्याहून जास्त, म्हणून ती वाफ, आणि तीही अतितप्त वाफ. दाब दोन वातावरणांचा असेल तर उत्कलनांक १२० च्या आसपास, म्हणून १०५ अंशांचं ते अजून पाणीच आहे. घरच्या कुकरमध्ये हेच होतं. शिट्टी व्हायच्या बेताला आत साधारण दोन वातावरणांचा दाब असतो, आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. उलट महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

खरी मजा तापमान आणि उत्कलनांक अगदी सारखे असतात तेव्हा. १०० अंश आणि एक वातावरण. आता ते पाणी की वाफ? दाब आणि तापमान दोन्ही माहीत असूनही सांगता येत नाही! पाणी असेल, वाफ असेल किंवा दोन्ही मिळून असेल. अशा वेळी आणखी एक गोष्ट लागते, उदाहरणार्थ आकारमान. कोष्टक सांगतं की या स्थितीत एक किलो पाणी फक्त १.०४ लिटर जागा घेतं, आणि त्याची सगळी वाफ झाली की १६७३ लिटर. आपल्या भांड्यात एक किलो पाण्याने ५०० लिटर जागा व्यापली असेल तर ते मधे कुठेतरी आहे. ५०० मधून १ वजा करा, आलेल्या ४९९ ला १६७२ ने भागा. उत्तर सुमारे ०.३०. म्हणजे ३०० ग्रॅम वाफ आणि ७०० ग्रॅम पाणी. पाचवीतला भागाकार पुरतो.

जाता जाता एक. चहाच्या किटलीच्या तोंडाशी जो पांढरा धूर दिसतो, त्याला मुलं वाफ म्हणतात. ते वाफ थंड होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब असतात. खरी वाफ तोंड आणि तो पांढरा भाग यांच्यामधल्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तिथे बोट गेलं तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं, ते वरच्या ५४० मुळेच. पालकांनी स्वयंपाकघरात हे जरूर दाखवावं, मात्र लांबून!

आकडे दुसऱ्यांच्या कामी आले

१८४५ मध्ये विल्यम थॉमसन नावाचा वीस वर्षांचा तरुण रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत हाताखाली काम करायला आला होता. हेच पुढचे लॉर्ड केल्विन. १८४९ मध्ये त्यांनी कार्नो यांच्या उष्णतेच्या सिद्धांतावर लेख लिहिला, त्यात रेन्यो यांचे वाफेचे आकडे वापरून गणितं केली. मुलांना केल्विन माहीत असतात, तापमानाचं एककच त्यांच्या नावाचं. रेन्यो माहीत नसतात. मला हे थोडं खटकतं. काही अभ्यासक म्हणतात की एवढे आकडे गोळा करूनही रेन्यो यांनी स्वतः सिद्धांत मांडला नाही. खरं आहे. पण त्यांचे आकडे खोटे निघाले असते तर बाकीच्यांच्या सिद्धांताची परीक्षा कशावर झाली असती?

सन्मान खूप मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४८ मध्ये रम्फर्ड पदक आणि १८६९ मध्ये कॉप्ली पदक दिलं. फोटोग्राफीचाही त्यांना नाद होता, फ्रान्सच्या फोटोग्राफी संस्थेचे ते पहिले अध्यक्ष. १८५४ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या प्रसिद्ध चिनीमातीच्या कारखान्याचे ते संचालक झाले आणि प्रयोगशाळाही तिथे थाटली. कामाचा दुसरा खंड १८६२ ला आला, तिसरा १८७० ला.

युद्ध

१८७० मध्येच फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला, सेव्र त्यांच्या ताब्यात गेलं. रेन्यो यांच्या मुलाचं नावही आंरी. तो चित्रकार होता आणि सत्ताविसाव्या वर्षीच त्याचं नाव झालं होतं. तो पॅरिसच्या बचावासाठी सैन्यात उतरला. १९ जानेवारी १८७१ रोजी ब्युझांव्हालच्या लढाईत तो मारला गेला. त्यानंतर नऊ दिवसांनी युद्धबंदी झाली.

वडील सेव्रला परतले तेव्हा प्रयोगशाळा उद्ध्वस्त झालेली होती. वायू प्रसरण पावताना उष्णतेचं काय होतं, यावरच्या त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामाच्या नोंदी नष्ट झाल्या होत्या. ज्या माणसाने एकेका आकड्यासाठी महिने घातले, त्याच्या हातात ते आकडे राहिले नाहीत, आणि मुलगाही नाही. वडिलांना एका युद्धाने नेलं होतं, मुलाला दुसऱ्याने.

१८७२ नंतर रेन्यो यांनी संशोधन केलं नाही. पुढची काही वर्षं ते नुसते जगले. १९ जानेवारी १८७८ रोजी त्यांचं निधन झालं. आंरीला जाऊन त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती.