रुस्तम जाल वकील
डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ होते. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते के.ई.एम. रुग्णालयात रुजू झाले. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदवले होते. श्रेय देताना हे बहुधा विसरले जाते. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष मात्र वकील यांच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधील १९४९ च्या निबंधाने वेधले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार व १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले.

या मुळीतून १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळे करण्यात आले. ते अधिक मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांत कंप, ताठरता, मंद हालचाल अशी कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. औषधाच्या दृष्टीने हा दोषच. मेंदूविज्ञानाला मात्र त्यातून वाट सापडली. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चल झालेले ससे एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. कंपवाताच्या मुळाशी डोपामीनची उणीव असते, हे पुढे त्यातूनच उलगडत गेले. मेंदूत खोलवर विद्युत्प्रवाह देऊन करायच्या उपचाराची काही संगणकीय प्रतिरूपेही डोपामीन घटलेल्या मेंदूच्या गणिती मांडणीवर उभी आहेत. वकील यांचे स्वतःचे संशोधन मुख्यतः हृदयविकार व रक्तदाब यांवरच राहिले.