वाजवता न येणारा लिओ

मला गिटार धड वाजवता येत नाही, फक्त खोलून दुरुस्त करता येते. म्हणून कोटरा सुल्तानाबादमधले माझे मित्र हसायचे. तेव्हा मला लिओ फेंडर आठवायचा. १९०९ साली कॅलिफोर्नियात जन्म. लहानपणीच एक डोळा गेला. हिशेबनिसाची नोकरी सुटल्यावर १९३८ मध्ये त्याने रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यालाही गिटार वाजवता येत नव्हती. वादकांचं ऐकून ऐकून तो ती सुधारत गेला. १९५४ च्या त्याच्या स्ट्रॅटोकास्टरला एक व्हॉल्यूम, दोन टोन. ब्रिजच्या पिकअपला मात्र टोनच नाही, म्हणून आवाज टोचतो. तसल्याच एका गिटारीत मी स्विचपासून दुसऱ्या टोनपर्यंत एक तार सोल्डर केली. आता टोन फिरवला की टोचणं कमी होतं. लिओ १९९१ मध्ये गेला. मित्र हल्ली गिटारी माझ्याकडेच आणतात. ते वाजवतात, मी ऐकतो.