सातशे एकोणसत्तर पट्ट्या आणि एक कमिशनर

फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या आपल्या मंत्र्यांसह दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले होते. केंद्रीय करांच्या वाटणीत राज्याचा हिस्सा चौदाव्या वित्त आयोगाने ४.७१३ टक्के ठरवला होता, तो पंधराव्या आयोगाने ३.६४७ टक्क्यांवर आणला, ही तक्रार होती. बंगळुरूने कमवायचे आणि हिशेब दुसरीकडे लागायचा, हे गाऱ्हाणे ऐकताना दिल्लीतल्या वार्ताहरांना ते नवे वाटले असेल. बंगळुरूच्या इतिहासाला ते नवे नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच शहरात एका परक्या अधिकाऱ्याने करव्यवस्थेची साफसफाई केली, कारभार मार्गावर आणला आणि तरीही कर कोणासाठी गोळा होतो हा प्रश्न तसाच ठेवून गेला. त्याचे नाव मार्क कबन. बंगळुरूत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हे नाव एका उद्यानापुरते ठाऊक असते. त्याच्या कारभारात मराठी माणसांचा वाटा किती मोठा होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

कबन मूळचा इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या लहानशा बेटावरचा. म्हैसूरचा इतिहास लिहिणारा आणि तिथे रेसिडेंट राहिलेला मार्क विल्क्स हा त्याचा मामा. १८०० मध्ये कबन कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाला. पुढची कित्येक वर्षे त्याने सैन्याच्या रसदखात्यात काढली. बैल, धान्य, गाड्या आणि रस्ते यांचा हिशेब ठेवणाऱ्या या खात्यात माणसाला दरबारापेक्षा बाजार अधिक कळतो. म्हैसूरचा मुलूख त्याला असा बाजाराच्या वाटेने परिचित झाला. पुढे त्याने जे केले, त्याचे मूळ या शिक्षणात आहे.

त्याला संधी मिळाली ती एका बंडामुळे. टिपूच्या पाडावानंतर १७९९ मध्ये म्हैसूरची गादी वाडियार घराण्याला परत मिळाली, पण तहानुसार राज्याने दरवर्षी सात लक्ष पॅगोडा, म्हणजे सुमारे साडेचोवीस लाख रुपये, कंपनीला द्यायचे होते. दिवाण पूर्णय्यांच्या काळात खजिना भरलेला राहिला. १८११ नंतर तरुण महाराज कृष्णराज वाडियार तिसरे यांच्या हाती कारभार आला आणि हळूहळू घडी विसकटली. तालुक्याचा अमलदार ठरावीक रक्कम भरून देण्याची शर्त लिहून देई आणि मग ती रक्कम, शिवाय आपला नफा, रयतेकडून वसूल करी. मक्त्याचे हे तत्त्व जकातनाक्यांपर्यंत पोचले होते. नगर प्रांतात तर फौजदार रामराव आणि त्याचे आप्तेष्ट यांच्या हाती बहुतेक अधिकाराच्या जागा एकवटल्या होत्या. १८३० मध्ये तिथली रयत उठली. बंड मोडले गेले, पण गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३१ मध्ये तहाच्या कलमावर बोट ठेवून राज्याचा कारभार कंपनीकडे घेतला. रयतेची दैना हे कारण खरेच होते. साडेचोवीस लाखांची खंडणी धोक्यात येईल ही भीतीही तितकीच खरी होती. महाराजांना वर्षाला एक लक्ष पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा ठरवून देण्यात आला.

आरंभी दोन कमिशनर नेमले गेले. त्यांतला ज्येष्ठ जॉन ब्रिग्ज मराठी वाचकांना परका नाही. पेशवाईनंतर खानदेशात आणि पुढे साताऱ्यात त्याने कारभार पाहिला होता. पण दोघा कमिशनरांची व्यवस्था टिकली नाही. ब्रिग्ज लवकरच गेला आणि १८३४ मध्ये कबन एकटा कमिशनर झाला. कचेरी म्हैसूरहून बंगळुरूच्या किल्ल्यात, टिपूच्या राजवाड्यात आली. बंगळुरू राजधानी झाले ते असे.

करांचे जंगल

कबनपुढचे पहिले काम करांची यादी करण्याचे होते, आणि ती यादीच चक्रावून टाकणारी होती. लग्नावर कर, मूल जन्मले की कर, त्याचे नाव ठेवले की कर, जावळ काढले की कर. एका गावाला दरसाल पट्टी भरावी लागे, कारण त्यांच्या पूर्वजांना कुण्या पाळेगाराचा सुटलेला घोडा सापडला नव्हता. नगर भागात एका ठिकाणावरून जाताना ज्याने हात अंगाशी घट्ट धरले नाहीत, त्याला कर पडे. हसण्यावारी नेण्याजोग्या वाटणाऱ्या या बाबी सरकारी दप्तरात राज्याचे उत्पन्न म्हणून रीतसर नोंदलेल्या होत्या. अशा ७६९ किरकोळ पट्ट्या कबनच्या कारकिर्दीत रद्द झाल्या.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. रद्द झालेल्या प्रत्येक पट्टीमागे ती वसूल करणारा एक माणूस होता आणि त्या माणसाचा त्यावर प्रपंच चालत होता. सरकारी तिजोरीत येणारी रक्कम तुटपुंजी असे. रयतेच्या खिशातून जाणारी त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे कर रद्द करणे म्हणजे उत्पन्न सोडणे कमी आणि मधल्या माणसाची सत्ता मोडणे अधिक होते. करसुधारणा अवघड का असते, याचे उत्तर इथे आहे. महाराष्ट्रात महापालिकांची जकात हटवायला किती वर्षे लागली, हे आठवावे. स्थानिक संस्था कर आला आणि २०१५ मध्ये बहुतांशी गेला, आणि मुंबईची जकात तर थेट वस्तू व सेवा कराबरोबर १ जुलै २०१७ रोजी संपली.

जमिनीच्या बाबतीत कबनने बटाई मागे सारली. पिकाचा वाटा सरकारने घ्यायचा म्हणजे सरकारी माणूस पाहणी करून जाईपर्यंत शेतकऱ्याने खळ्यावर धान्याची राखण करत बसायचे. पावसाने ते भिजो की उंदरांनी खावो. त्याऐवजी रोख सारा आला आणि त्याचे हप्ते सुगी हाती आल्यावर पडतील असे ठरले. कॉफीच्या बागांवर पूर्वी निम्म्या पिकाचा हक्क सरकारचा असे. तिथे मणामागे एक रुपया हाशील ठरले आणि पुढे ते टप्प्याटप्प्याने चार आण्यांवर उतरले. दर उतरले तसा मळ्यांचा विस्तार झाला. कमी दर आणि रुंद पाया हे सूत्र पुढच्या शतकातल्या अर्थतज्ज्ञांनी ग्रंथांत मांडले. कबन ते रसदखात्यात शिकला होता. सुमारे सोळाशे मैल रस्ते आणि तीनशेवर पूल त्याच्या काळात झाले. राज्याच्या डोक्यावरचे कर्ज फिटले, महसूल वाढला.

अमलदार, पंचायत आणि मराठी कारकून

या सुधारणा राबवल्या कोणी? कबनने चार विभाग पाडून त्यांवर युरोपियन सुपरिंटेंडेंट नेमले. त्यांच्याखालचा सारा डोलारा देशी राहिला. तालुक्याला अमलदार, गावात पाटील आणि शानभोग, म्हणजे आपला कुलकर्णी. न्यायदानात पंचायतीला स्थान राहिले. मद्रास इलाख्याचे कायदे उचलून आणून लादावेत, असे त्याने केले नाही. ज्या यंत्रणेचा मक्ता रद्द केला त्याच यंत्रणेला त्याने पगारावर कामाला लावले.

या यंत्रणेत देशस्थ मराठी अधिकाऱ्यांचा भरणा मोठा होता. तंजावरच्या भोसल्यांच्या छत्राखाली दक्षिणेत रुजलेली ही घराणी जमाखर्चात वाकबगार होती, आणि म्हैसूरच्या दप्तरात कन्नडबरोबर मराठीही चालत होती. कबनच्या आरंभीच्या काळात त्याचे देशी सहायक वेंकटराव होते. ते त्रावणकोरची दिवाणगिरी करून आलेले, आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा येथे दिवाण म्हणून नाव मिळवणारे सर टी. माधवराव यांचे चुलते. माधवरावांचे चिरंजीव आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण झाले. म्हणजे बंगळुरूच्या सचिवालयात मराठी आडनाव ही आजची गोष्ट नाही.

पण अभिमानाने एवढेच सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नगरच्या बंडात रयतेचा रोष मक्त्यावर होता, तसाच बाहेरून आलेल्या आणि सर्व जागा अडवून बसलेल्या अधिकारी वर्गावरही होता. कबननंतर एका वर्गाच्या या मक्तेदारीवर उघड टीका झाली, आणि म्हैसूर म्हैसूरकरांसाठी ही मागणी पुढे मूळ धरू लागली. कुशल पण परका अधिकारी रयतेला किती काळ आपला वाटतो, हा प्रश्न कबनला जितका लागू होता तितकाच त्याच्या मराठी सहायकांनाही.

एका टेबलावरचे राज्य

कबनच्या पद्धतीतला खरा दोष वेगळाच होता. गावात आणि तालुक्यात अधिकार पसरलेले असले, तरी वरचा प्रत्येक धागा बंगळुरूच्या एकाच टेबलावर येऊन मिळे. वेगवेगळ्या खात्यांचे शिरस्तेदार अर्ज वाचून दाखवत आणि कमिशनर हुकूम देई. माणूस प्रामाणिक आणि कष्टाळू होता म्हणून हे चालले. १८५५ मध्ये डलहौसी येऊन गेला आणि त्यानंतर न्याय, बांधकाम, शिक्षण अशी खाती स्वतंत्र प्रमुखांकडे सोपवली जाऊ लागली. जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी कबनच्या काळात झालीच नाही. ती १८६३ मध्ये सुरू झाली, आणि त्यासाठी नमुना घेतला गेला मुंबई इलाख्याचा, ज्याची पायाभरणी इंदापूर तालुक्यात झाली होती. बंगळुरूची नगरपालिकाही १८६२ ची, कबनच्या मृत्यूनंतरची. रयतेवरचा भार त्याने हलका केला, पण पैसा कुठे खर्च व्हावा हे ठरवण्यात रयतेला जागा दिली नाही. ते त्याच्या कल्पनेतच नव्हते.

एका बाबतीत मात्र तो आपल्या मालकांच्या विरोधात उभा राहिला. १८६० मध्ये म्हैसूर मद्रास सरकारच्या देखरेखीखाली देण्याचा निर्णय झाला, तेव्हा महाराजांनी हरकत घेतली आणि कबनने राजीनामा पुढे केला. निर्णय मागे घेतला गेला. राज्य विलीन न होता वेगळे राहिले म्हणूनच १८८१ मध्ये ते वाडियार घराण्याला परत मिळू शकले आणि त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लूंना प्रतिनिधी सभा भरवता आली. १८६१ मध्ये थकलेला, अविवाहित कबन साठ वर्षांच्या वास्तव्यानंतर मायदेशी निघाला. वाटेत सुएझ येथे एप्रिलमध्ये त्याचे निधन झाले.

आज परदेशी साहाय्य वेगळ्या वेषात येते. २००१ आणि २००२ मध्ये कर्नाटकने जागतिक बँकेकडून आर्थिक पुनर्रचनेसाठी कर्जे घेतली, २००२ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला, २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आणला, आणि २००६ मध्ये बँकेच्याच मदतीने पंचायतींच्या बळकटीचा ग्रामस्वराज प्रकल्प हाती घेतला. फरक मोठा आहे. हे निर्णय निवडून आलेल्या सरकारने घेतले आणि विधिमंडळात त्यांचा जाब विचारता आला. कमिशनरला जाब विचारणारे सभागृह बंगळुरूत नव्हते.

तरी कबनच्या कारकिर्दीतून एक कसोटी हाती लागते. करसुधारणेचा सल्ला देणाऱ्याने दोन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत. कर हटवल्यावर मधल्या माणसाचे काय होणार, आणि उरलेल्या पैशावर गावाचा हक्क किती? पहिल्याचे उत्तर कबनने फार चांगले दिले. दुसरा प्रश्न त्याने विचारलाच नाही. ग्रामपंचायती आजही बहुतांशी वरून येणाऱ्या अनुदानावर चालतात, राज्ये दिल्लीकडे पाहतात आणि जकात गेलेल्या महापालिका भरपाईच्या हप्त्याची वाट पाहतात. रस्ता मोकळा झाला, नाके गेले, पण किल्ली वरच्या टेबलावरच राहिली.

विधानसौधासमोरच्या तांबड्या इमारतीला आजही अठरा कचेऱ्यांचे नाव आहे. एकाच टेबलावरचा कारभार पुढे कितीतरी खात्यांत विभागला गेला, त्याची ती खूण. तिथे आता उच्च न्यायालय आहे. तिच्यासमोरचा कबनचा अश्वारूढ पुतळा २०२० मध्ये हलवून त्याच्याच नावाच्या उद्यानात, झाडांच्या सावलीत नेण्यात आला. परक्या सत्तेचे प्रतीक न्यायमंदिरासमोर नको, हे समजण्यासारखे आहे. मात्र त्या पुतळ्याबरोबर तो अनुत्तरित प्रश्न हलवता आलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तोच प्रश्न घेऊन बंगळुरू जंतरमंतरवर आले होते, आणि कर्नाटकातल्या ग्रामपंचायतीही तो एके दिवशी बंगळुरूच्या दारात आणून ठेवतील.